मोठ्याने वाचायचं पुस्तक

हे लिहिणारच नव्हतो. दोनदा टाईप केलं, दोनदा पुसलं. पण घरमालकीण काकू मोबाईलवर फक्त फोन उचलतात, वाचत काही नाहीत, या भरवशावर लिहितोय.

मी फ्रिज दुरुस्त करतो. इंग्रजी माझं मीच शिकतोय, म्हणून वाचनालयातून एक इंग्रजी कादंबरी आणली. गोष्ट सांगणारा बोटीवर कोळसा टाकणारा गडी, आणि सांगतो त्याच्या गावाकडच्या इंग्रजीत. अर्धे शब्द गिळलेले, उरलेले चावलेले. नुसतं डोळ्यांनी वाचलं की डोक्यावरून जायचं. पण जबडा सैल सोडून मोठ्याने वाचलं की सगळं कळायचं! मग काय, रोज संध्याकाळी दार लावून सुरू.

त्या गड्याची बायको त्याला सोडून जाते, तिथे माझाच आवाज भरून आला. तेवढ्यात दारावर थाप.

"उघड आधी!" काकू. "किती घेतलीस?"

"काय घेतली?"

"मला शिकवू नकोस. जीभ अडखळतेय, रडतोयस काय, हसतोयस काय! आधीच्या त्या प्लंबरला याच्यासाठीच गादीसकट बाहेर काढला मी. उद्या खोली रिकामी कर."

एकट्या पोराला खोली देणाऱ्या अख्ख्या गल्लीत या एकट्याच.

"काकू, शपथ, पुस्तक वाचत होतो."

"वाच बघू."

वाचलं. दोन ओळींत काकूंनी नाक दाबलं. "अहो, इकडे या!"

काका आले. आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलेला माणूस. वयाने माझ्या तिप्पट, पण जिन्यात बसून गप्पा मारायला मला दुसरा मित्र नाही. चष्मा लावून त्यांनी पान बघितलं आणि तोंड वाकडं केलं.

"हे इंग्रजी नाही."

झालं! मित्रानेच मारलं.

"मनात नको काका, मोठ्याने वाचा. जबडा सैल सोडा."

काकांनी घसा खाकरला. पहिली ओळ वर्गात वाचल्यासारखी. दुसरीला जीभ जड. तिसरीला मान डुलायला लागली, आणि मग स्वतःशीच खुदकन हसले. "अगं, काय लिहिलंय गं!"

काकूंनी पुढे होऊन त्यांच्या तोंडाचा वास घेतला. नुसता चहा.

"म्हणजे पुस्तकच प्यायलेलं आहे," त्यांनी निकाल दिला. माझी खोली वाचली.

आठवड्याभराने कामावरून आलो तर गच्चीतून काकांचा आवाज. शब्द गिळत, मध्येच गाणं. काकू जिन्यात शेजारणीला कौतुकाने सांगत होत्या, "वाचतायत. या वयातही नाद सुटला नाही हो!"

मलाही बरं वाटलं. खोलीत गेलो. पुस्तक माझ्या उशीवर.

तसाच पुस्तक शर्टात लपवून गच्चीत धावलो. काका खुर्चीत, ग्लास खुर्चीखाली.

"अहो काका, निदान हातात तरी धरा!"

त्यांनी पुस्तक घेतलं. उलटं. "किती राहिलंय रे तुझं?"

"शेवटचं प्रकरण."

काकांचा चेहरा पडला. "मग परत देणार?"

खालून काकूंनी विचारलं, "काय हो, थांबलात का?"

काकांनी पायाने ग्लास आणखी आत सरकवला.

"नाही संपवणार, काका," मी हळूच म्हटलं. "वाचनालयवाले दारात येऊन बसले तरी नाही."