काकासाहेबांच्या शुभहस्ते तेल

कमरोद्दीन मिस्त्रीनं पुंजारामच्या टँकरच्या पॉवर स्टेअरिंगचं जुनं तेल खाली घमेल्यात सोडलं आणि नाकाला रुमाल लावला.

"मियाँ, ये तेल है के डांबर? आखरी बार कब बदले थे?"

"बदलायचं असतं व्हय ते?" पुंजाराम म्हणाला.

गाडी वीस वर्षांची. ऊस झाला, कापूस झाला, विटा झाल्या, आणि आता म्हातारपणी तिच्या पाठीवर पाण्याची टाकी बसवली होती. पण टाकी बसवून चार महिने झाले तरी काम नव्हतं. भंगारवाला दोनदा येऊन टायरला लाथ मारून गेला होता. अशात गारखेड्याचे काकासाहेब देवासारखे भेटले. वॉर्डात बारा दिवस नळाला पाणी नव्हतं आणि निवडणूक तोंडावर आलेली. काकासाहेबांचा मोफत टँकर उन्हाळाभर चालवायचा ठेका पुंजारामला मिळणार होता. अट एकच, शुक्रवारी दोन वाजता भरलेला टँकर त्यांच्या गल्लीतल्या मांडवासमोर उभा पाहिजे. ठेका नाही तर भंगार, असा सरळ मामला होता.

वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला होता, त्यामुळं उमेदवार खरं तर त्यांच्या पत्नी द्वारकाबाई. टँकरवरच्या फलकावर बाईंचा फोटो पोस्टाच्या तिकिटाएवढा, काकासाहेबांचा मात्र खिडकीएवढा. खाली ठसठशीत अक्षरं होती: 'पाणी सर्वांसाठी!'

कमरोद्दीननं गाडीची पुढची चाकं जॅकवर उचलून ठेवली होती. हात धुऊन त्यानं टोपी घातली.

"मैं जुम्मे की नमाज को जा रा. नवा तेल डालने का, स्टेरिंग इधर-उधर घुमाने का, फिर ढक्कन की काडी देखने का. काडी सूखी रही तो गाडी हिलाने की नक्को. समझे?"

"समजलं," पुंजाराम म्हणाला, आणि त्याला खरंच समजलं होतं.

तो कॅनला हात घालणार तोच ढोल-ताशासकट काकासाहेब हजर! सोबत रामकिसन, म्हणजे साहेबांचा उजवा हात आणि त्या हातात कायम मोबाईल.

"थांब! तेल टाकू नको!" रामकिसन ओरडला. "तेल साहेबांच्या शुभहस्ते पडणार हाय."

"स्टेरिंगचं तेल?"

"मग काय करता बाबा? टँकरचं उद्घाटन दोनदा झालंय. एकदा रंगाच्या आधी, एकदा रंगानंतर. लोकांना नवीन कायतरी दाखवाया नको का?"

नारळ फुटला. कॅनला झेंडूचा हार पडला. रामकिसननं कॅनचं झाकण काढून तो साहेबांच्या हातात दिला. काकासाहेबांनी बॉनेटकडं न बघता मोबाईलकडं बघून कॅन तेलाच्या टाकीवर धरला.

"थोडं तिरकं, साहेब. अजून तिरकं. बास! लई झकास!"

टाळ्या पडल्या. रामकिसननं स्वतः तेलाच्या टाकीचं ढक्कन लावलं आणि हारासकट कॅन केबिनमध्ये गणपतीशेजारी नेऊन ठेवला. पुंजारामनं स्टेअरिंग इकडून तिकडं फिरवलं. चाकं जॅकवर अधांतरी, त्यामुळं ते भिंगरीसारखं फिरलं. मग तो काडी बघायला खाली उतरला.

"काय करतो?" रामकिसन आडवा आला.

"काडी बघतो. तेल पुरंसं पडलं का ते."

"साहेबांनी टाकलेलं तेल तपासतो तू? समद्या लोकांदेखत? त्यांच्या हातावर भरवसा नाय तुला?"

पुंजारामनं साहेबांकडं पाहिलं. साहेब भुवया चढवून त्याच्याकडंच बघत होते. भुवयांच्या पलीकडं त्याला ठेका दिसला आणि ठेक्याच्या पलीकडं भंगारवाला. बिचारा मुकाट्यानं केबिनमध्ये चढला.

जॅक उतरवला. गाडी चार पावलं सरळ पुढं घेऊन बोअरवर टाकी भरली. मग शेजारच्या सीटवर साहेब आणि पुढं ढोल, अशी मिरवणूक निघाली. बॉनेटखालून स्टेअरिंगचा पंप जिवाच्या आकांतानं कोकलत होता, पण ढोलापुढं त्याचं कोण ऐकतो! रस्ता सरळ होता तोवर सगळं ठीक चाललं.

चौक आला. काकासाहेबांची गल्ली डावीकडं. ढोलवाले डावीकडं वळले. पुंजारामनं स्टेअरिंग डावीकडं ओढलं. ते हललंच नाही. तो उभा राहिला, लोंबकळला, पाय डॅशबोर्डला लावले.

"अरे, डावीकडं! मांडव डावीकडं आहे!" काकासाहेब खिडकीतून हात हलवत, हसरा चेहरा न मोडता ओरडले.

"मला ठावं हाय साहेब! गाडीला सांगा!"

गाडी तसूभर वळली असेल नसेल. पुंजारामनं ब्रेक मारला आणि टँकर थांबला तो समोरच्या गल्लीत. ती गल्ली नेमकी विरोधी पक्षाच्या तात्यासाहेबांची. पाण्याची बोंब तिथंही बारा दिवसांचीच होती.

"आलं गं बाई पाणी!" त्या गल्लीतल्या वच्छलाबाईंनी आरोळी ठोकली. घराघरातून हंडे, बादल्या, ड्रम धावत निघाले, आणि साहेबांना दार उघडेपर्यंत टँकरचा कॉक उघडलेला होता.

"अहो, थांबा! हे पाणी तुमच्यासाठी नाही!"

"व्हय का?" वच्छलाबाईंनी फलकाकडं बोट केलं. "मंग 'सर्वांसाठी' म्हंजे कुणासाठी हो? अन् हा इतका मोठा फोटो कुणाचा?"

काकासाहेबांनी फोटो पाहिला. नाही म्हणायला जागाच नव्हती. त्यांनी हात जोडले आणि जनतेचं पाणी जनतेला, असं काहीतरी पुटपुटले. पुंजाराम मात्र रस्त्याकडेला डोकं धरून बसला. त्याचा ठेका त्याच्या डोळ्यांदेखत बादल्या भरभरून चालला होता.

तेवढ्यात कमरोद्दीन स्कूटरवर आला. त्यानं कुणाला काही न विचारता ढक्कन उघडून काडी काढली. काडी खडखडीत कोरडी.

"काडी देखे थे?"

"साहेबांनी टाकलेलं तेल कसं तपासू, भाई?" पुंजारामच्या डोळ्यांत पाणी आलं.

कमरोद्दीननं केबिनमधून हारासकट कॅन उचलला. काठोकाठ भरलेला. झाकणाखालचं चंदेरी सील जसंच्या तसं.

सगळे काकासाहेबांकडं बघायला लागले.

"मला वाटलं, फोटोपुरतं आहे," काकासाहेब हळूच म्हणाले. "नंतर कुणीतरी टाकतंच की."

कमरोद्दीननं सील फोडून कॅन पुंजारामच्या हातात दिला. पुंजारामनं तेल टाकलं, इंजिन चालू ठेवून स्टेअरिंग फिरवलं, पुन्हा टाकलं. तोवर मांडवात दोन तास वाट पाहून द्वारकाबाई दोन रिकामे हंडे घेऊन तिथं पोचल्या होत्या. टँकरच्या कॉकमधून शेवटचा थेंब पडत होता.

"टँकर आपला अन् पाणी हिकडं?" त्यांनी नवऱ्याला विचारलं. "घरात भांडी घासाया पाणी नाय!"

वच्छलाबाईंना द्वारकाबाईंची दया आली. त्यांनी आपल्या ड्रममधून एक हंडा भरून दिला. पक्ष काही असो, बारा दिवस दोघींचे सारखेच होते. काकासाहेबांनी लगबगीनं पुढं होऊन हंडा उचलला. झाला तेवढा दिवस वाया गेलाच होता, निदान हा तरी फोटो! रामकिसननं मोबाईल काढला.

"लई भारी! थोडं तिरकं, साहेब. अजून तिरकं..."

साहेबांनी सवयीनं तिरका केला. हातातल्या भांड्यात खरंच काही असू शकतं, याची त्यांना सवय नव्हती. अख्खा हंडा रस्त्यावर.

द्वारकाबाई वाहून चाललेल्या पाण्याकडं बघत राहिल्या. मग त्यांनी नवऱ्याच्या हातातून हंडा काढून घेतला आणि पुंजारामकडं वळल्या.

"निवडणुकीला उभी मी हाय ना? मंग ऐक. ठेका तुझा. उद्या सकाळी दोन्ही गल्ल्यांत पाणी आण. अन् ह्यांना गाडीला हात लावू देऊ नको."

"जी, बाई."

गाडी चालू करण्याआधी पुंजारामनं सगळ्या लोकांदेखत ढक्कन उघडून काडी पुन्हा तपासली.