नंदुरबारला नवीन आलेल्या सुमनआक्का

आमच्या शेजारच्या सुमनआक्कांना साधी कोथिंबीर आणायची असली तरी त्या आधी रेल्वे स्टेशनवर जातात. सुरतेकडची गाडी येते, माणसं उतरतात, आक्का त्या गर्दीत शिरतात आणि त्या लोंढ्याबरोबर बाहेर पडतात. गावात यायचं तर रीतीनं यायचं, असं त्यांचं म्हणणं. पन्नास वर्षं इथंच संसार केलेली बाई, बरं का! साडीवर नातीची विसरलेली टोपी, डोळ्यांवर मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा काळा चष्मा, गळ्यात पाण्याची बाटली.

याला कारण ती नातच. रेवा. पुण्याला असते. मागच्या सुट्टीत आली नि दुसऱ्याच दिवशी परतली. फोनवर म्हणाली, "आजी, तिकडे बघण्यासारखं आहे काय? तूच ये ना इकडे." आक्का दोन दिवस घराबाहेरच पडल्या नाहीत. मला वाटलं, आजारी पडतात की काय. तिसऱ्या दिवशी दोनशे पानी वही घेऊन माझ्या दारात. "कमल, चाल. नाताळमा रेवा ई ऱ्हायनी. तिले चार दिन पुरी इतलं गाव शोधनं पडी."

रेवाला चार दिवस पुरेल एवढं गाव शोधायला तेव्हापासून आम्ही दोघी पर्यटक. पर्यटकानं शुद्ध बोलायचं, हा आक्कांचा नियम. स्टेशनबाहेर आमच्याच गल्लीतला रिक्षावाला म्हणाला, "बसा आक्का, घरीच जाई ऱ्हायनू."

"भाऊ, आम्ही या शहरात नवीन आहोत."

तो पक्का. "मंग नवा माणूसले मी लांबना रस्ताथून लई जास."

आणि खरंच नेलं की! अशा अशा गल्ल्यांतून, की मी आयुष्यात पाहिल्या नव्हत्या. एका घराला मोराचे कठडे होते. आक्कांनी रिक्षा थांबवून वहीत लिहिलं, 'मोर चार. एकाला चोच नाही.'

बाजारात मारवाडी शेठच्या दुकानासमोर त्या उभ्या राहिल्या. "शेठजी, आपल्या शहरात प्रेक्षणीय असं काय आहे?" शेठनी चाळीस वर्षं यांना किराणा दिलेला. वर न बघताच म्हणाले, "साबुदाणा काढू का, आक्का?"

पण खरी सहल झाली ती मिरचीच्या पथारीवर. गावाबाहेर वाळत घातलेली मिरची, नजर पोचेल तिथवर लालच लाल. इतकी वर्षं तिखट खाल्लं, ते कुठून येतं ते बघायला कधी आलो नव्हतो. आक्का थेट मधोमध. तिथल्या बाया ओरडल्या, "ओ माय, नाकले पदर बांध!"

"आम्ही पुण्याहून आलो आ—" पुढे शिंक. मग दुसरी. सातवीला टोपी उडाली, नवव्या शिंकेला शुद्ध भाषा. चष्म्याखाली डोळे पुसत त्या किंचाळल्या, "डोया गयात वं माय!" बाया हसून हसून मिरचीतच बसल्या. मग त्यांनी आम्हाला सावलीत नेलं, पाणी दिलं, गूळ दिला. वहीत नोंद: 'लाल जमीन. दुरून पाहावी. शिंका अकरा. माणसं चांगली.'

काल आक्का वही घेऊन आल्या. माझं अक्षर बरं, म्हणून उतरवून द्यायची. रेवाला फोटो पाठवायचा. मी एकेक ठिकाण लिहीत गेले, हसत गेले. शेवटच्या पानावर होतं:

'सुमनआजीचं घर. निळं दार. वेळ: कधीही. आत एक म्हातारी आहे, ती बोलते. गर्दी नसते. मुक्कामाची सोय आहे.'

माझा पेन थांबला. आक्का खिडकीतून बाहेर बघत होत्या.

"हे पहिल्या पानावर घेऊ का?" मी विचारलं.

"नको वं," त्या म्हणाल्या. "पोर फिरीफिरी थकी जाई. शेवटले बसाले जागा लागस ना."