मामांचा उजवा पाय

साडेनऊला येणारा टेम्पो दहा वाजले तरी आला नव्हता, आणि टेम्पोवाला दर पाच मिनिटांनी फोनवर "हा काय, निघालोच ताई" असं सांगत होता. ताई बैठकीच्या खोलीत उभी होती आणि तिच्यासमोर टेबलावर शाळा होती. म्हणजे शाळेची प्रतिकृती. दोन मजले, सोळा वर्ग, मैदान, मैदानाभोवती झाडं, पुढे कुंपणाची भिंत आणि त्या भिंतीत मोठ्या रस्त्याकडे उघडणारं चार बोटं रुंदीचं फाटक. पुठ्ठा, थर्माकोल आणि ताईचे सहा आठवडे त्यात गेले होते.

अकरा वाजता ती समितीपुढे ठेवायची होती. पसंत पडली, तर नवी शाळा ताईच्या देखरेखीखाली बांधली जाणार होती. तिच्या स्वतःच्या नावावरचं पहिलं काम. नाही पडली, तर पुन्हा संडासांचे नकाशे. गेली तीन वर्षं तिच्या साहेबांनी तिला संडासांपलीकडे काही काढू दिलं नव्हतं.

"मी सोडतो की," चिरंजीव म्हणाले.

चिरंजीव म्हणजे ताईचे धाकटे बंधू, वय वर्षं एकोणीस. लायसन्स मिळून अकरा दिवस झाले होते आणि या अकरा दिवसांत बाबांनी त्यांना गाडीच्या आरशालाही हात लावू दिला नव्हता. आज आईबाबा परगावी गेले होते. गाडी दारात होती आणि किल्ली खिळ्याला.

"त्यापेक्षा मी डोक्यावर घेऊन चालत जाते," ताई म्हणाली. मग तिने सोफ्यावर बसलेल्या मामांकडे पाहिलं. आईने जाताना मुलांवर नजर ठेवायला सांगितलं म्हणून ते आले होते. मामांचं मोटार ड्रायव्हिंग स्कूल होतं. निम्म्या शहराला त्यांनी गाडी शिकवली होती. "मामा, तुम्हीच चालवा ना!"

मामांनी घसा खाकरला. त्यांची अडचण अशी होती, की गेल्या बावीस वर्षांत ते चालकाच्या जागेवर बसलेच नव्हते. सकाळी पहिला विद्यार्थी त्यांच्या दारातून गाडी बाहेर काढायचा, संध्याकाळी शेवटचा ती दारात आणून लावायचा, आणि मधला सगळा वेळ मामा डावीकडे बसून बोलायचे. पण हे भाचीला कसं सांगायचं?

"माझा विद्यार्थी घरात असताना मी कशाला?" ते म्हणाले. "चौदा दिवसांत तयार केलाय त्याला. ब्रेकवर असा पाय मी उभ्या जन्मात पाहिला नाही!"

चिरंजीवांची छाती फुगली. ताईने घड्याळ पाहिलं. "मामा, तुम्ही त्याच्या शेजारी बसणार असाल तर," ती म्हणाली. शाळा मागच्या सीटवर आडवी बसेना, म्हणून तिचं तोंड पुढे करून ठेवली, आणि उरलेल्या वीतभर जागेत ताईने स्वतःला कोंबलं.

गाडी गल्लीबाहेर पडली. मामांनी सवयीने उजवा पाय पुढे सरकवला आणि त्यांना दरदरून घाम फुटला. पायाखाली नुसती चटई होती.

शिकवणीच्या गाडीला मास्तरांच्या बाजूलाही एक ब्रेक असतो, हे सगळ्यांना माहीत असतं आणि तिसऱ्या दिवशी सगळे ते विसरतात. मामा बोलके होते. त्यांचं तोंड क्रिकेट, हवामान, मुलांची लग्नं यांवर चालू असायचं आणि खाली उजवा पाय एकटा इमानेइतबारे काम करत असायचा. विद्यार्थ्याला वाटायचं, काय झकास थांबवली मी! मामा म्हणायचे, "शाब्बास!" कारण ज्याला शाब्बास म्हटलं नाही तो समोरच्या स्कूलमध्ये नाव घालतो. लायसन्सच्या परीक्षेलाही आरटीओचे साहेब मागे बसायचे आणि मामा पुढे. बाकी काय ते समजून घ्यावं.

आणि आता भाचा एका हाताने गाडी हाकत होता. दुसऱ्या हाताचं कोपर खिडकीबाहेर होतं, गाणं मोठ्याने लागलं होतं आणि समोर सिग्नल पिवळा झाला होता. चिरंजीवांनी वेग वाढवला. पिवळ्याचा लाल झाला. मामांचा पाय चटईवर धाडकन आपटला. गाडी काही थांबली नाही. मग चिरंजीवांनी स्वतः ब्रेक दाबला, आणि झेब्रा क्रॉसिंगच्या मधोमध एका गृहस्थांनी बॉनेटवर हात टेकला तेव्हा ती थांबली.

"दोन झाडं पडली!" मागून ताई ओरडली.

"बाबांच्या गाडीचे ब्रेक ढिले झालेत," चिरंजीव म्हणाले. "एवढे दिवस सांगतोय मी, मला चालवून बघू द्या."

"हळू घे रे, बाबा," मामा पुटपुटले.

"मामा, तुम्हीच म्हणता ना, गाडीला आपण घाबरायचं नाही, गाडीने आपल्याला घाबरायचं!"

 मामांनी खरं सांगायचं, तर बावीस वर्षांचं सगळंच सांगावं लागलं असतं, आणि तेही भाचीसमोर. लाज ही अशी वस्तू आहे की माणूस जीव धोक्यात घालतो, पण तिला हात लावू देत नाही. मामांनी डोळे मिटले आणि चटई घट्ट दाबून धरली.

पुढच्या रस्त्यावर एक करड्या रंगाची छोटी गाडी वीसच्या वेगाने चालली होती. चिरंजीवांनी तिच्या मागच्या बंपरपासून हातभर अंतरावर आपली गाडी नेऊन चिकटवली आणि हॉर्न दाबला. करड्या गाडीने काही वेग वाढवला नाही. ते उजवीकडून काढायला गेले, तर समोरून बस आली. डावीकडून गेले, तर भाजीची गाडी आडवी. शेवटी त्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"ओ आजी! पोचेपर्यंत म्हाताऱ्या व्हाल! घरी जाऊन झोपा!"

"आत घे ते डोकं!" ताई किंचाळली. "आणि इतकं चिकटून नको!"

"अगं, माझा ब्रेक आहे ना!"

त्याच क्षणी करडी गाडी थांबली. पुढे एक बाई मुलाचा हात धरून रस्ता ओलांडत होती. चिरंजीवांना थांबायची घाई नव्हती. इतक्या अंतरावरून त्यांची गाडी नेहमी सुरेख थांबत आलेली होती. ती थांबेल म्हणून त्यांनी क्षणभर वाट पाहिली. मग पाय दाबला. मग धप्प असा आवाज झाला.

आवाज काही फार मोठा नव्हता. करडी गाडी दीड हात पुढे ढकलली गेली. त्या बाईने मुलाला ओढलं आणि मुलाच्या हातातला डबा रस्त्यावर पडून घरंगळला. करडी गाडी आणि मूल यांच्यात वीतभर जागा उरली होती. मूल रडलंसुद्धा नाही, नुसतं बघत राहिलं.

इथून पुढे चिरंजीवांना चिरंजीव म्हणण्यात अर्थ नाही. तो स्टिअरिंग धरून बसला होता. गाणं अजून चालूच होतं आणि ते बंद कसं करायचं हे त्याला आठवत नव्हतं.

करड्या गाडीतून साठीच्या एक बाई उतरल्या. निवृत्त ग्रंथपाल होत्या त्या. त्यांनी आधी डबा उचलून मुलाला दिला, त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, त्याच्या आईला काहीतरी समजावलं, आणि मग मागे वळल्या. त्यांनी खिडकीतून आत पाहिलं आणि त्यांच्या कपाळाच्या आठ्या एकदम नाहीशा झाल्या.

"मास्तर! तुम्ही?"

मामांना चटईखाली जायला जागा असती तर ते गेले असते.

"हा तुमचा विद्यार्थी?" बाईंनी विचारलं. "म्हणजे अजून तसंच चालू आहे का हो? मला लायसन्स मिळालं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी औषधाच्या दुकानात शिरले होते, मास्तर. गाडीसकट. मला वाटायचं, जवळ गेलं की आपली गाडी थांबतेच. सतरा वर्षं झाली, तेव्हापासून वीसच्या वर गेले नाही. लोक मागून काय काय बोलतात!"

त्यांनी भाच्याकडे पाहिलं. तो गाडीतून उतरला होता आणि आपल्या बुटांकडे बघत होता. जरा वेळाने त्याच्या डोक्यात प्रकाश पडला.

"मामा, म्हणजे तुमचा पाय... परीक्षेच्या दिवशीसुद्धा?"

"तीनदाच दाबला रे," मामा खालच्या आवाजात म्हणाले.

"थांबायचं किती वेळा होतं?"

"तीनदाच."

तेवढ्यात सायकलवरून वाहतूक हवालदार आले. "लायसन्स?" भाच्याने काढून दिलं. हवालदारांनी ते उलटसुलट पाहिलं, गाडीकडे पाहिलं, मग मामा दिसताच झटकन टोपी सारखी केली. "नमस्कार मास्तर!"

"तुम्हीही यांचेच?" ग्रंथपाल बाईंनी विचारलं.

"मग मी सायकलवरून फिरतो, ते काय हौस म्हणून?" हवालदार म्हणाले. त्यांनी माणसं बोलावून बाबांची गाडी ढकलून कडेला लावली, किल्ली खिशात टाकली, लायसन्स परत दिलं आणि म्हणाले, "वडील आले की चौकीवर पाठव. तू येऊ नकोस." शेवटचं वाक्य भाच्याला सगळ्यांत जास्त झोंबलं.

ताई अजून मागच्या सीटवरच होती. शाळा घसरून मामांच्या सीटच्या पाठीवर आपटली होती. गच्ची उचकटली होती, झाडं झोपली होती, आणि समोरच्या फाटकाच्या काड्या झाल्या होत्या. ताई रडत नव्हती. रडली असती तर भाच्याला बरं वाटलं असतं.

"किती वाजता पोचायचंय?" ग्रंथपाल बाईंनी विचारलं. ताईने अकरा सांगितलं. बाईंनी घड्याळ पाहिलं. "दहा चोवीस. बसा माझ्या गाडीत. वेळ लागेल, पण पोचाल."

वीसचा वेग किती गुणकारी असतो हे त्या दिवशी कळलं. गाडी इतकी सावकाश आणि एकसारखी चालली होती, की ताईने मागे मांडीवर शाळा घेऊन पिशवीतल्या डिंकाने गच्ची बसवली आणि ती तसूभर हलली नाही. मामा एकेक झाड तिच्या हातात देत होते. भाचा पुढे बसला होता. मागून हॉर्न वाजत होते. एक पोरगा डावीकडून सूं करत गेला आणि जाता जाता खिडकीत वाकून ओरडला, "ए, घरी जाऊन झोपा!" ग्रंथपाल बाईंनी मान हलवली. भाच्याने तोंड ओंजळीत लपवलं.

"उद्यापासून मी मागच्या सीटवर बसून शिकवणार," मामा कुणीही न विचारता म्हणाले. "समोरच्या स्कूलमध्ये जायचं त्यांनी जावं."

ताई फाटकाच्या जागी उरलेल्या भगदाडाकडे बघत होती. काड्या जुळवायला वेळ नव्हता. तिची नजर त्या भगदाडातून बाहेर रस्त्यावर गेली आणि तिथेच खिळली. रस्त्यात पडलेला तो डबा तिच्या डोळ्यांपुढून जात नव्हता.

"काहीतरी ताठ हवं," ती म्हणाली. "पुठ्ठा वाकतो." मग तिला भावाच्या हातातलं लायसन्स दिसलं. ते खिशात ठेवायचंही त्याला अजून सुचलं नव्हतं. "दे ते."

"ताई, अगं, ते..."

"दे."

त्याने दिलं. ते भगदाडात चपखल बसलं. फोटोची बाजू आत, मैदानाकडे. बाहेरून ताईने पांढरा रंग फासला आणि भिंत अखंड झाली.

"आणि फाटक?" मामांनी विचारलं.

ताईने पिशवीतून कापायचं पातं काढलं आणि मागच्या भिंतीत, शाळेमागच्या गल्लीच्या बाजूला नवं फाटक कापलं. गल्ली इतकी अरुंद होती, की तिच्यात हातगाडीसुद्धा शिरली नसती.

अकराला दोन मिनिटं असताना ते पोचले. समितीत सातजण होते. ताईने शाळा समजावून सांगितली. शाळा टेबलावर मावेना, म्हणून भाऊ तिचा एक कोपरा धरून उभा होता. सगळं ठीक चाललं होतं. मग अध्यक्षांनी चष्मा कपाळावर चढवला.

"नकाशात फाटक पुढे आहे. इथे सरळ भिंत? असं का?"

याला शंभर तांत्रिक उत्तरं होती. वाऱ्याची दिशा, पाण्याचा निचरा, काहीही. भाऊ मनातल्या मनात तिला विनवत होता. ताईने एकदा त्याच्याकडे पाहिलं.

"माझ्या भावाला लायसन्स मिळालंय," ती म्हणाली.

 सात चष्मे त्याच्याकडे वळले. त्याचे कान तापले, हातातला कोपरा निसटता निसटता राहिला आणि पडलेली दोन झाडं पुन्हा पडली. कुणीतरी हसेल, निदान रागावेल, असं त्याला वाटलं. कुणीच हसलं नाही.

"आमच्या मुलाला गेल्या महिन्यात मिळालं," एक सभासद बाई हळूच म्हणाल्या.

"माझ्या पुतण्याला दोन वर्षं झाली," दुसरे म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले.

अध्यक्षांनी भिंतीवरून बोट फिरवलं. "जाडी किती धरलीय?"

"नऊ इंच."

"पंधरा करा."

ठराव एकमताने मंजूर झाला. सगळे ताईचं अभिनंदन करत होते आणि तो भिंतीला टेकून उभा होता. उद्या विटा येतील, सिमेंट येईल, पंधरा इंचांची भिंत उभी राहील आणि पोरं वर्षानुवर्षं मागच्या गल्लीने वळसा घालून शाळेत जातील. आपल्यामुळे. त्याला खूप लाज वाटली, आणि ती कुठे ठेवावी हे त्याला कळेना.

शिपायाने प्रतिकृती उचलून बाहेरच्या काचेच्या कपाटात ठेवली. शाळा बांधून होईपर्यंत ती तिथेच राहणार होती. काचेतून, झाडांच्या आडून, लायसन्सवरचा त्याचा स्वतःचा इवलासा चेहरा मैदानाकडे बघत होता. शिपाई कुलूप शोधत होता. ताई भावाच्या शेजारी येऊन उभी राहिली.

"मागू का परत?" तिने विचारलं. "अजून कुलूप लागलं नाहीये."

त्याने काचेचं दार स्वतःच लोटलं.

"नको," तो म्हणाला. "शाळा होऊ दे आधी."