सहा ते सहा चौदा

पहाट ही कोणत्याही नियमावलीत न बसणारी एकमेव कामगार आहे. जर्मनीतल्या बॉनबाहेरच्या आमच्या पार्सल-शेडमध्ये ती आधी उंच खिडक्यांच्या धुळीवर करडी होऊन बसते. मग पिवळसर होत सरकत्या पट्ट्यावर उतरते, एकेका खोक्याची कड सावकाश उजळवते आणि अखेरीस हजेरीच्या घड्याळापाशी येऊन थांबते. नोंद मात्र करत नाही. तेव्हा सहा वाजलेले असतात, माझी रात्रपाळी संपते आणि ऊर्मिलाची सकाळची शिफ्ट सुरू होते. (या दोन घटनांचा परस्परसंबंध नाही.)

गेले सत्तेचाळीस दिवस मी रोज चौदा मिनिटे अधिक थांबलो.

"अजून गेला नाहीस?" ती विचारी.

"काम आहे," मी चिकटपट्टीच्या रिळाला उद्देशून म्हणे.

तासावर राबणाऱ्यांसाठी येथील नियम अत्यंत हळुवार आहे. जादा वेळ धरला जाण्यासाठी तो वरिष्ठांनी सांगितलेला, मंजूर केलेला किंवा निदान माहीत असून चालवून घेतलेला असावा. पर्यवेक्षिका फ्राऊ क्लाइन मला रोज पाहत आणि मान हलवत. ही मान चालवून घेणारीच आहे, असा निष्कर्ष यमुनाताईंनी काढला. त्या बेट्रीब्सराटमध्ये, म्हणजे कामगारांच्या मंडळात, वीस वर्षे भांडत आहेत. मी तक्रार केली नव्हती. घड्याळाने चुगली केली होती.

"दहा तास अठ्ठावन्न मिनिटं! आणि तू गप्प? अरे, पिळून घेतायत तुला!"

"तसं नाही, ताई..."

"मग कसं? आल्झो, चल, बोल की!"

मी बुटांकडे पाहिले. माझे मौन शोषणाचा पुरावा म्हणून इतिवृत्तात नोंदले गेले (परिशिष्ट तीन).

तीन बैठकांनंतर संपूर्ण विजय मिळाला. सर्व जादा वेळ सुटीच्या रूपाने परत. आणि पुन्हा पिळवणूक होऊ नये म्हणून माझी शिफ्ट यापुढे साडेपाचला संपेल, पाच मिनिटांत मी फाटकाबाहेर असेन. टाळ्या झाल्या. सर्वांत जोरात ऊर्मिलाने वाजवल्या.

"सुटलास बाबा!" ती म्हणाली.

सहीपूर्वी एकच रकाना उरला होता: जादा वेळेचे कारण. खरे लिहिले असते, तर निकाल रद्द होऊन माझी सहानंतरची चौदा मिनिटे वाचली असती. परंतु कचेरीत उशिरापर्यंत थांबल्यावर आपण सर्व सभ्य माणसे त्या रकान्यात जे लिहितो, तेच मी सुबक अक्षरांत लिहिले: कामाचा ताण.

त्या चौदा मिनिटांत मी एकही खोके उचलले नव्हते.