तुळईला ताण नाही

कोणतीही इमारत विश्वासावर उभी असते. खांब आणि तुळया हे केवळ साहाय्यक घटक होत. बांधकाम खात्याच्या स्वतःच्या कार्यालयात हा विश्वास इतका भक्कम होता, की वरच्या मजल्यावर जुन्या फायली बिनदिक्कत छतापर्यंत रचल्या होत्या. त्या पेलणारी लाकडी तुळई मधोमध खाली वाकली होती. (खात्याच्या भाषेत, नम्र झाली होती.)

नेमकी तिच्याखाली, तळमजल्यावर, उपअभियंत्याची बायको टंकलेखनाला बसे. टंकयंत्रावर भुसा पडू लागला तेव्हा ती तरातरा वर आली.

"अहो, तुळईला खालून तडा गेलाय. माझ्या डोक्यात पडल्यावर बघायला येणार का?"

बायकोवर उपअभियंत्याचा जीव होता; पण जीव असला तरी पद्धत सोडून चालत नाही. तुळईवरचा ताण मोजण्यासाठी बैठक बोलावण्यात आली.

वाकलेली तुळई वरून दाबली जाते आणि खालून ताणली जाते, हे सगळ्यांना पाठ होते. पण ताण मोजायचे यंत्र लावायचे कुठे? वरची बाजू साहेबांच्या पायाखाली. ती दाबली गेली म्हणणे म्हणजे साहेबांचे वजन काढणे. खालची बाजू कारकुनांच्या डोक्यावर. तिथे ताण निघाला तर कारकून ताणभत्ता मागणार. तेव्हा शहात्तर टक्के उपस्थितांनी (उरलेले डुलकी काढत होते) निःपक्षपातीपणाच्या हितार्थ यंत्र बरोबर मध्यावर लावायचे ठरवले.

आता, तुळईच्या जाडीच्या मध्यावर एक थर असा असतो, जो दाबलाही जात नाही आणि ताणलाही जात नाही. त्याला उदासीन अक्ष म्हणतात. तिथले यंत्र तुळई मोडेपर्यंत शून्यच दाखवणार. उपअभियंत्याला हा प्रश्न परीक्षेत आला होता आणि पैकीच्या पैकी गुण मिळाले होते. त्याने तोंड उघडलेही.

"काही म्हणायचंय?" साहेबांनी विचारले.

उघडलेल्या तोंडाचे त्याने घाईघाईने जांभईत रूपांतर केले.

यंत्राने शून्य दाखवले. साहेब हरखले आणि शेजारच्या कार्यालयाच्या फायलीही वर मागवल्या. तुळई आणखी नम्र झाली. शून्य तसूभर हलले नाही.

"अगं, शून्य आहे," घरी तो म्हणाला.

"मग उद्यापासून माझ्या जागेवर तुम्ही बसा."

दुसऱ्या दिवशी त्याने मोठ्या धाडसाने तिचे टेबल भिंतीकडे सरकवून घेतले. (कारण : उजेड.)

"बाकीच्यांचं काय हो?" तिने विचारले. त्याने जांभई दिली.

तुळई मोडली ती जेवणाच्या सुट्टीत, बायकोनेच सगळ्यांना दटावून बाहेर काढल्यावर. ढिगाऱ्यात यंत्र सापडले. ते शून्यच दाखवत होते. अखेरपर्यंत विचलित न झाल्याबद्दल त्याचे कौतुक झाले आणि उपअभियंत्याला बढती मिळाली.

वाचकहो, तुमच्या डोक्यावरची तुळईही कुणीतरी मोजलीच असेल. कुठे मोजली, हे तुम्हाला बहुधा ठाऊकही असेल. काही म्हणायचंय?

(असू द्या. आम्हाला वाटलेच, जांभई असणार.)