टाकीच्या झाकणाचं भोक

गाडीचं ॲव्हरेज पडल्याची बातमी ॲव्हरेजरावांनी घरात अशा आवाजात सांगितली, की बायकोला वाटलं नात्यातलं कुणीतरी गेलं. तिने हातातली परात खाली ठेवली आणि कोण म्हणून विचारलं. गाडी, असं कळल्यावर तिने परात पुन्हा उचलली.

ॲव्हरेजराव हे अर्थातच लोकांनी ठेवलेलं नाव. हे गृहस्थ एका विमा कचेरीत हिशेब तपासनीस होते. दुसऱ्यांच्या चुका काढण्याचा त्यांना पगार मिळे आणि घरी आल्यावर तेच काम ते फुकट करत. त्यांची डिझेल गाडी इतकी जुनी होती, की तिचा मूळ रंग कोणता यावर घरात दोन मतं होती. पण ती एका लिटरमध्ये किती पळते, हे ते जिन्यात भेटलेल्याला, दवाखान्यात शेजारी बसलेल्याला, एकदा तर स्मशानातही सांगून मोकळे झाले होते. समोरचा स्वतःच्या गाडीबद्दल काही बोलायला लागला, की यांचं लक्ष उडे. कान या अवयवाचा उपयोग त्यांनी चष्म्याच्या काड्या अडकवण्यापलीकडे फारसा केलेला नव्हता.

ॲव्हरेज का पडलं, हे वाचकांना आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण ॲव्हरेजरावांना ते कळेपर्यंत थांबायचं तर गोष्ट संपणार नाही. टाकी काठोकाठ भरायची, गाडी चालवायची आणि पुन्हा काठोकाठ भरायची, अशी त्यांची मोजण्याची रीत. मोबाइलवरच्या कुठल्याशा व्हिडिओत त्यांनी पाहिलं, की पंपावरची नळी खट्‌ करून बंद पडली तरी टाकीत वर थोडी जागा उरतेच. टाकीच्या तोंडाशी आत एक छोटं बटण असतं. ते दाबून धरलं की अडकलेली हवा निघून जाते आणि आणखी डिझेल मावतं. ती जागा उन्हात डिझेल फुगलं तर मावावं म्हणून मुद्दाम सोडलेली असते, हेही त्या व्हिडिओत पुढे सांगितलं होतं. पण तोवर यांनी व्हिडिओ बंद केला होता. आपण विकत घेतलेल्या टाकीत कंपनीने आपल्यालाच न सांगता रिकामी जागा ठेवावी, याचा त्यांना संताप आला होता.

तेव्हापासून ते पंपावर बटण दाबून उभे राहत, गाडी हलवून हलवून फेस बसवत आणि मागच्या रांगेतले लोक त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत. पंपावरचा माणूस यांची गाडी लांबून दिसली तरी पाणी प्यायला निघून जाई. अशी गळ्यापर्यंत भरलेली गाडी घरी येऊन भर उन्हात उभी राही. डिझेल फुगे आणि हवेसाठी ठेवलेल्या नळीतून, झाकणाच्या बारीक भोकातून टपटप बाहेर पडे. ॲव्हरेज पडलं ते असं, अक्षरशः जमिनीवर.

मेकॅनिकला यातलं काही कळण्याची शक्यता नव्हती, कारण त्याला फक्त बदलायला येई. त्याने फिल्टर बदलला, मग दुसरा फिल्टर बदलला, मग टायर बदलायला हवेत असं म्हणाला. प्रत्येक वेळी "आता बघा" असं म्हणून तो हात पुसत असे. ॲव्हरेजराव बघत आणि टाकी आणखी जोमाने काठोकाठ भरून मोजत.

शेवटी त्यांनी चोर धरायचं ठरवलं. सुट्टीच्या दिवशी दुपारभर ते खिडकीत बसून गाडीवर पाळत ठेवून होते. चोर आला नाही, पण गाडीखाली एक काळा डाग मात्र त्यांच्या डोळ्यांदेखत मोठा झाला. खाली जाऊन त्यांनी तो हुंगला. बायको वरून म्हणाली, की पातेलं काठोकाठ भरलं की उतू जाणारच, त्यात एवढं वाकून काय बघायचं. त्यावर त्यांनी नेहमीप्रमाणे हात हलवला. डिझेलला बाहेर पडायला वाट आहे म्हणून ते बाहेर पडतं, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. नळाच्या गळतीसाठी आणलेली पुट्टी घरात होती. त्या पुट्टीने त्यांनी हवेची नळीही बुजवली आणि झाकणाचं भोकही. काम इतकं चोख झालं, की स्वतःवर खूश होऊन त्यांनी दोनदा चहा प्यायला.

दुसऱ्याच दिवशी मुलीची मुलाखत होती. गाड्यांचे सुटे भाग बनवणारा एक कारखाना शेजारच्या तालुक्याच्या गावी होता, तिथे. पोरगी कितीतरी महिने अर्ज करून थकली होती. सगळीकडून नकार आले होते आणि दोन ठिकाणांहून तर तेवढंही आलं नव्हतं. या एका ठिकाणी तिला शेवटच्या फेरीला बोलावलं होतं. ही संधी गेली तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायचं बळ आपल्यात उरलेलं नाही, असं ती आईपाशी बोलली होती. तिने पहाटेच्या बसचं बघून ठेवलं होतं. बापाने ते ऐकून घेतलं नाही. लांबचा पल्ला मारून ॲव्हरेज मोजायची अशी संधी पुन्हा येणार नव्हती.

"घरात गाडी असताना बस?" ते म्हणाले. "आणि टाकी काठोकाठ भरून आणलीय मी कालच."

गाव मागे पडलं आणि थोड्या वेळातच गाडी आचके देऊन बंद पडली. कुणीतरी डिझेल काढलं असणार या संशयाने ॲव्हरेजरावांनी आधी टाकीचं झाकण उघडलं. सूंऽऽ असा लांब आवाज आला. डिझेल जागच्या जागी होतं. झाकण लावून त्यांनी चावी फिरवली आणि थोडी कुरकुर करून गाडी चालू झाली. "दम लागला होता तिला," असं त्यांनी जाहीर केलं. पुढे पुन्हा तेच. आचके, झाकण, सूंऽऽ आणि गाडी चालू.

तिसऱ्यांदा गाडी थांबली ती चालू होईना. आता इंजिनपाशी असतो तो छोटा हातपंप दाबून डिझेल ओढून घ्यावं लागणार होतं. ॲव्हरेजरावांची कंबर धरलेली, म्हणून मुलीनेच पांढऱ्या शर्टाच्या बाह्या सरसावून तो पंप दाबला. तिचे हात कोपरापर्यंत काळे झाले. मागून येणारी एक बस त्यांच्या शेजारून निघून गेली, तिने आदल्या दिवशी बघून ठेवलेली तीच. पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण डोळे पुसायला स्वच्छ हातच नव्हता.

"बाबा, टाकीत हवा जात नाहीये," ती म्हणाली. "तुम्ही भोक बुजवलंय. आतलं डिझेल संपतं तेवढी हवा आत जायला—"

"टाकी डिझेलची आहे," ॲव्हरेजराव म्हणाले. "तिच्यात हवा कशाला जायला पाहिजे? तू तुझ्या मुलाखतीचं बघ."

मुलाखतीचंच तर ती बघत होती. वाद घालण्यात ही वेळ गेली तर नोकरीही जाईल, एवढं तिला लख्ख कळलं. ते बॉनेट लावत होते तेवढ्यात ती म्हणाली, "झाकण मी लावते, तुम्ही बसा." झाकण तिने पर्समध्ये टाकलं, टाकीच्या तोंडात आपला रुमाल सैलसर खोचला आणि गाडीत येऊन बसली. त्यानंतर गाडी कारखान्याच्या फाटकापर्यंत कुठेही अडली नाही.

"पाहिलंस? गिअर वेळेवर टाकला की सगळं होतं," बाप म्हणाला.

"हो ना. तुम्ही होतात म्हणून पोचलो," मुलगी म्हणाली.

आत तिचं नाव पुकारून झालेलं होतं. मुलाखत घ्यायला तिघे बसले होते. त्यांतले दोघे पुढचा उमेदवार बोलवायच्या तयारीत होते. मधल्या बाईंनी तिच्या हातांकडे पाहिलं आणि उशीर का झाला ते विचारलं. सबबी बऱ्याच सुचत होत्या, पण त्या सांगायचं त्राण नव्हतं. तिने पर्समधून झाकण काढून टेबलावर ठेवलं. झाकण त्याच कारखान्याचं होतं.

"हे भोक कुणी बुजवलं?" बाईंनी विचारलं.

"ग्राहकाने."

"मग त्यांना समजावून सांगितलं नाही?"

"सांगून ऐकणाऱ्यांतला ग्राहक नाही तो. मी झाकण काढून घेतलं आणि गाडी तुमच्यामुळेच चालली असं त्यांना सांगितलं."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. जागा तक्रार विभागातली होती. तिथे आजवर टिकलेली माणसं फार थोडी होती आणि जी टिकली होती त्यांना रक्तदाब होता. बाईंनी तिला बसायला सांगितलं आणि हात पुसायला स्वतःचा रुमाल दिला. मुलगी बाहेर आली ती नोकरी घेऊनच.

ॲव्हरेजरावांनी ही बातमी ऐकली न ऐकल्यासारखी केली. ते गाडीमागे उभे राहून, भर दिवसा कारखान्याच्या दारात आपलं झाकण चोरीला गेलं म्हणून फाटकावरच्या पहारेकऱ्याला झापत होते. रुमालही त्या चोरानेच कोंबला असणार, अशी त्यांची खात्री होती. शेवटी समोरच्या दुकानातून त्यांनी त्याच कारखान्याचं नवं झाकण घेतलं आणि आपण गाडीने आणलं म्हणून पोरीला नोकरी लागली, असं वाटेत तिला समजावून सांगितलं. कुठल्या विभागात लागली हे काही त्यांनी विचारलं नाही.

मुलगी कामावर रुजू झाली. थोड्याच दिवसांत एका सकाळी तिच्या टेबलावरचा फोन वाजला.

"तुमच्या झाकणाला भोक आहे," पलीकडून ओळखीचा आवाज आला. "माझी मुलगी तुमच्याच कंपनीत आहे. पण ओळखीने कामं करून घेणं मला पटत नाही, म्हणून रीतसर तक्रार करतोय. भोक बुजवायला मी पुट्टी आणलेली आहे."

ती खुर्चीत सरळ बसली. शिकवलं होतं तसं तिने आधी तक्रारीबद्दल आभार मानले.

"सर, ते भोक टाकीत हवा जाण्यासाठी आहे. ते बुजवू नका. हवेची नळी बुजवली असेल तर ती पुट्टीही खरवडून काढा. आणि पंपावर नळी बंद पडली की तिथेच थांबा, बटण दाबून वर भरू नका. उन्हात डिझेल सांडतं आणि ॲव्हरेज पडतं."

पलीकडे कागद-पेन शोधल्याची खुडबुड झाली. पोरगी बोलायला लागल्यापासून त्यांनी तिचं एकही वाक्य पूर्ण होऊ दिलं नव्हतं. आज पहिल्यांदाच त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकलं, मग आवाज ओळखणार कसा?

"बरं," ॲव्हरेजराव म्हणाले. "लिहून घेतो."

पुढे ॲव्हरेज सुधारलं. त्या दिवशी जेवायला बसल्यावर त्यांनी ते नेहमीच्या आवाजात जाहीर केलं आणि त्याचं श्रेय, आयुष्यात पहिल्यांदा, दुसऱ्या कुणालातरी दिलं.

"तुझ्या कंपनीत फोनवर एक बाई आहेत," ते मुलीला म्हणाले. "काय मुद्द्याचं बोलतात. एकदा सांगितलं, की पटलंच पाहिजे. जरा शीक त्यांच्याकडून काहीतरी."

बायको वाढता वाढता थांबली आणि तिने मुलीकडे पाहिलं. मुलीने मान खाली घातली.

"शिकते, बाबा," ती म्हणाली, आणि त्यांच्याकडे पाण्याचा तांब्या सरकवला. ॲव्हरेजरावांनी आपलं भांडं काठोकाठ भरून घेतलं आणि ते उचलताना थोडं पाणी ताटात सांडलं.