चौकात कळतं

आमच्या मोहालीच्या कंपनीत नोकरी लागायची तर बायोडाटा नंतर, गाडीची किल्ली आधी. प्रोजेक्ट मॅनेजर नाडकर्णीसर उमेदवाराचे कागद बाजूला सारायचे आणि विचारायचे, "गाडी येते ना? चला, जरा चंडीगडात चक्कर मारून येऊ." बिचाऱ्याला वाटायचं, चहाला नेताहेत. सर शेजारच्या सीटवर बसून त्याला एका गोल चौकात न्यायचे आणि तो चौकात शिरतो कसा, एवढंच बघायचे. परत येईस्तोवर निकाल लागलेला असायचा.

सरांच्या मते माणसं चारच प्रकारची. समोरून गाडी येत असली तरी नाक खुपसणारा तो घुस्या. सगळे गेल्याशिवाय न हलणारा तो थांब्या. स्वतः अडकून दुसऱ्याला हात हलवून 'आप चलो जी' म्हणणारा हात्या. आणि चौक दिसायच्या आधीपासून हॉर्नवर बसलेला भोंग्या. "टीम म्हणजे तरी काय? सगळ्यांना एकाच चौकातून जायचंय. नुसते घुस्ये घेतले तर टक्कर, नुसते थांब्ये घेतले तर पुढच्या दिवाळीपर्यंत तिथंच." कोणी शंका काढलीच, तर उत्तर ठरलेलं, "चौकात कळतं."

मी अमरावतीची. आमच्याकडे माणूस आधी बोलतो, मग विचार करतो. त्यामुळे मी कुठल्या खात्यात जमा झाले असेन, ते सांगायला नकोच. पहिल्या दिवशीच सरांनी मला "ये, भोंग्या" म्हणून हाक मारली आणि मी आठवडाभर त्यांच्याशी तोंडदेखलं बोलत होते.

एकदा हेड ऑफिसनं स्वभाव ओळखण्याचं रीतसर ट्रेनिंग ठेवलं. दिवसभर प्रश्न सोडवून संध्याकाळी प्रत्येकाला एकेक रंग मिळाला. मला लाल. सरांनी माझा कागद वाचला, 'स्पष्टवक्ता, उतावीळ, ऐकण्यात कमी', आणि म्हणाले, "म्हणजे भोंग्याच की. एवढ्यासाठी त्या ट्रेनिंगवाल्या बाईंना दिल्लीहून विमानानं आणलं?"

सरांच्या दोन खोडी मला फार खुपायच्या. एक म्हणजे ऑफिसपासून तिकडं जाताना इतके चौक लागतात, पण त्यातला एकही त्यांना चालायचा नाही. मोठ्या हॉस्पिटलाजवळचाच पाहिजे. दुसरी म्हणजे शेजारी बसून हा माणूस उजव्या पायानं मॅटवर ब्रेक दाबायचा. आपण वेग घेतला की त्यांचा पाय खाली. बरं, स्वतः चालवावी, तर तेही नाही. येणंजाणं रिक्षानं, नाहीतर आमच्यापैकी कोणाच्या तरी गाडीतून. उंटावरून शेळ्या हाकणारा माणूस, दुसरं काय!

तर सरांनी मला जोडीदार दिला हरप्रीत. रोपडचा मुलगा. पक्का थांब्या. औषधांच्या दुकानांसाठी आम्ही मालसाठ्याचं सॉफ्टवेअर करत होतो. काम दोघांचं, पण बोलायची मी एकटी. त्याचं आपलं "हांजी" आणि पुन्हा मान खाली. अशातच घोळ सुरू झाला. संपलेली औषधं सॉफ्टवेअर शिल्लक दाखवायला लागलं. ग्राहक खवळला आणि आमच्या वरच्या साहेबांनी सांगून टाकलं, शुक्रवारच्या मीटिंगपर्यंत कारण सापडलं नाही तर तो भाग लिहिणाऱ्या हरप्रीतला काढा. पोराचं लग्न ठरलेलं. मुलीकडच्यांनी ही नोकरी बघूनच होकार दिलेला. त्याचं तोंड एवढंसं झालं.

मी सरांकडे जाऊन वैतागले. म्हटलं, सर, मी ह्याला रोज दहादा विचारते, हा मुलगा तोंडच उघडत नाही.

"विचारतेस आणि उत्तरही तूच देतेस," सर म्हणाले. "भोंगा वाजला की थांब्या आणखी दबकतो. एकदा विचार आणि हॉर्नवरचा हात काढ."

शुक्रवारी भर मीटिंगमध्ये मी विचारलं, "हरप्रीत, तुझे क्या लगता है?" आणि जीभ दाताखाली धरली. खोटं कशाला सांगू, इतका वेळ गप्प बसायची मला सवय नाही. साहेबांनी घड्याळ बघितलं आणि काही बोलायला तोंड उघडलं, तर सरांनी ट्रॅफिक पोलिसासारखा हात वर केला. मग हरप्रीत बोलला. हळू, पण सरळ. दोन दुकानं एकाच क्षणी एकच माल उचलतात, नोंद मात्र एकाचीच होते. त्याच्या हे कधीच लक्षात आलं होतं. सांगायला मध्ये फट कोणी ठेवली नव्हती, आणि त्यात मीच सगळ्यांच्या पुढं.

नोकरी वाचली. लग्नाची तारीख धरली. हरप्रीतनं लाडू वाटले आणि संध्याकाळी आम्हा दोघांना तो स्वतःच्या गाडीनं सोडायला निघाला. सर पुढं, त्याच्या शेजारी. मी मागं. सरांच्या घराकडचा रस्ता हॉस्पिटलाजवळच्या त्याच चौकातून जातो. चौक दिसला तशी मला हुक्की आली. म्हटलं, सर, आज तुमची परीक्षा. बसा स्टिअरिंगवर, कळू दे तुम्ही कोण ते.

सर हसले. म्हणाले, मला गाडी येतच नाही. हरप्रीतलाही कळावं म्हणून ते हिंदीत सांगायला लागले. गाडी त्यांची बायको चालवायची. ती ह्याच हॉस्पिटलात सर्जन. सर एकटे राहतात एवढंच आम्हाला माहीत होतं, त्यापुढं कधी कोणी विचारलं नव्हतं. ही चारही नावं बाईंनीच ठेवलेली, ऑपरेशनला कोणाला बरोबर घ्यायचं ते त्या तशाच ठरवायच्या. स्वतः एक नंबरच्या घुस्या. ड्यूटी सुटायच्या वेळी सर गेटवर जाऊन थांबायचे, मग दोघं ह्या चौकातून घरी. करोनात ड्यूटी करता करताच त्या आजारी पडल्या, आणि गेल्या. गाडी अजून कव्हर घालून खाली उभी आहे.

शेवटचं तेवढं ते मराठीत बोलले, माझ्याकडे न वळता. "शेजारी बसलं आणि कोणी चालवत असलं, की बरं वाटतं गं."

इतक्या मुलाखती, इतकी नवी माणसं, आणि आम्ही समजत होतो की परीक्षा आमची चाललीय.

सरांच्या घराचं वळण आलं. हरप्रीतला मराठी ओ की ठो कळत नाही, तरी त्यानं गाडी वळवली नाही. चौकातच हळू फिरवत ठेवली आणि विचारलं, "सर, एक चक्कर और?"

सरांनी नुसती मान डोलावली. मागचा गाडीवाला हॉर्नवर हॉर्न मारत होता. मी गप्प बसले. गाडीनं गोल घेतला, आणि सरांचा उजवा पाय मॅटवर हळूच दाबला गेला.